जिन्याच्या खटल्यातून सुटका

अर्ज लिहावा तर मीच. एकदा माझा अर्ज वाचून समोरच्याने खटला तर सोडलाच, वर जाताना त्याची एक प्रत मागून घेतली, घरी भिंतीला लावायला. पटत नसेल तर सोडून द्या. तो गृहस्थ आता साक्षीला येणार नाही.

तर अशा माणसावर स्वतःसाठी एक साधा अर्ज करायची पाळी आली. वकिली सोडून मी घरी बसलो, सगळी प्रकरणं पुतण्याच्या गळ्यात घातली. पण एका खटल्यात माझं नाव कोर्टाच्या संगणकाला चिकटून राहिलं. दोन सख्खे भाऊ आणि मधे सामाईक जिना. कुणीही कागद दाखल केला की माझ्या फोनवर सूचना. टिंग! तीही नेमकी दुपारी, माझा डोळा लागला की. आवाज बंद ठेवावा तर लेक दुपारीच फोन करते. तो चुकला तर घरातच खटला उभा राहतो. झोपेवाचून मी असा वाळलो की शिंप्याने एकाच कापडात माझा सदरा शिवून स्वतःच्या जावयाचाही काढला.

म्हणून अर्ज केला : मला या सूचना पाठवणे बंद व्हावे. दाखल केला आणि निवांत आडवा झालो.

टिंग.

माझाच अर्ज दाखल झाल्याची सूचना मला आली होती.

ती दोन्ही भावांच्या वकिलांनाही गेली. थोरल्याच्या वकिलाने लगेच हरकत घेतली. मला वाटलं, हा म्हातारा बाजूला होतोय म्हणजे काहीतरी डाव आहे, असा त्याला संशय आला असणार. टिंग. धाकट्याची बाजू पुतण्याकडे; त्याने हरकतीला उत्तर दिलं. टिंग. त्या उत्तराने थोरला चिडला, त्याने प्रतिज्ञापत्र ठोकलं. टिंग. जिना राहिला बाजूला. माझी झोप हाच वादाचा मुद्दा झाला.

शेवटी सुनावणी लागली. न्यायाधीश बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "वकीलसाहेब, खरं कारण काय?"

जिभेवर कलमांची रांग लागली होती. तिला मागे सारून मी म्हणालो, "झोप, मॅडम."

"या प्रकरणात इतकं खरं कुणी पहिल्यांदाच बोललं," बाई म्हणाल्या आणि अर्ज मंजूर केला. हरकत का घेतली, हे थोरल्याच्या वकिलाला विचारलं तर तो छताकडे बघत राहिला.

घरी आलो, जेवलो, अंग टाकलं. डोळा लागतोय तोच स्वयंपाकघरातून आवाज आला.

टिंग.

उठून पाहतो तर आमच्या सौभाग्यवती चष्मा लावून फोनमध्ये डोकं खुपसून बसलेल्या. विचारल्यावर सगळं बाहेर आलं. इतके महिने मी चडफडत कूस बदलायचो, तेव्हा ही माझ्या फोनवर तो खटला भक्तिभावाने वाचत होती. माझा अर्ज कळल्यावर थोरल्याच्या वकिलाला फोन करून हरकत घ्यायला लावली होती तीही हिनेच. आणि आज अर्ज मंजूर झाल्याचं कळताच पुतण्याला सांगून सूचनांसाठी स्वतःचा नंबर नोंदवून घेतला होता.

"अगं, निदान आवाज तरी बंद ठेव."

"आणि लेकीचा फोन आला तर?"

मी परत येऊन डोक्यावरून पांघरूण ओढलं. तिकडून ती म्हणाली, "अहो, धाकट्याने जिन्याला दार बसवलंय म्हणे."

या कुशीवर वळलो, त्या कुशीवर वळलो. मग पांघरूण जरासं खाली केलं.

"कितव्या पायरीवर?"