पिकअपचे शॉकअप उत्तम स्थितीत आहेत

सन दोन हजार तीनच्या पावसाळ्यात सावली तालुक्यातल्या तलावांना माशांची पिल्ले पोहोचवण्याचे शासकीय कार्य एका पिकअप गाडीकडे होते आणि ती गाडी चालक डोमाकडे होती. गाडी परदेशी मदतीतून आलेली. तिचे शॉकअप साधेसुधे नव्हते. रस्ता पाहून ते आपोआप नरम किंवा कडक होत. मात्र आपला रस्ता पाहिल्यावर त्यांचे तेल गळून गेले आणि ते ना नरम होईनात, ना कडक.

पिल्ले पाणी आणि हवा भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून जात. गाडी आपटली की पिशव्या फुटत. त्या दिवशी डोमा गोकुळाबाईंच्या गावी पोहोचला, तेव्हा मागे एकही पिशवी धड नव्हती. मच्छीमार महिला गटाच्या अध्यक्ष गोकुळाबाईंनी गाडीचा मागचा फळका पाडला आणि मेलेली पिल्ले पाण्यासोबत त्यांच्या पायांवर ओघळली.

"काय आणलंस रे डोमा? वर्षभर तलावातून दगडं काढू का आमी?"

डोमाचा बापही जाळे टाकूनच जगलेला. त्याला मान वर करवेना. "शॉकअप गेले, बाई. सायबाले सांगतो."

मत्स्य कार्यालयाचे प्रमुख निकोडे साहेबांनी तक्रार शांतपणे ऐकली. "शॉकअप कशाने खराब होतात?"

"खराब रस्त्यानं, सायेब."

"त्या रस्त्याचे गेल्या महिन्यातच उद्घाटन झाले. मी स्वतः मंचावर होतो."

"नारळ फुटला, सायेब. रस्ता नाई बनला."

"उद्घाटन झालेला रस्ता खराब नसतो. रस्ता खराब नाही, सबब शॉकअपही खराब नाहीत. चांगली वस्तू बदलणे हा अपव्यय आहे."

तथापि प्रशासन संवेदनशील असल्यामुळे चाचणी घेण्यात आली. कार्यालयाच्या फाटकापासून झेंड्याच्या खांबापर्यंतच्या डांबरी पट्ट्यावर, बॉनेटवर चहाचा कप ठेवून गाडी चालवायची होती. चहा सांडू नये म्हणून साहेबांनी तो आधी अर्धा पिऊन दिला. चहा सांडला नाही. शॉकअप उत्तम स्थितीत असल्याचे घोषित झाले आणि मृत्यूची जबाबदारी पिल्लांवर निश्चित करण्यात आली. ती प्रवासास मनाने तयार नव्हती.

पुढच्या खेपेला गोकुळाबाई गटातल्या साधनाला आणि इतर बायांना घेऊन कार्यालयाच्या दारातच उभ्या राहिल्या.

"आमी बसतो मागं. मांडीवर घेतो पिशव्या."

"कंबर मोडंल, बाई."

"अन् तलाव खाली राह्यला तर खाऊ काय? चाल तू."

बाया गाडीत चढल्या. खड्डा आला की त्या पिशव्या हातांवर अलगद उचलत आणि आदळ स्वतःच्या मणक्यावर घेत. मागून "अगं माय!" ऐकू आले की डोमाचे दात आवळले जात. त्याने गाडी पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगाने हाकली, तरी खड्डे काही चुकले नाहीत. पण गावात उतरले तेव्हा एकही पिशवी फुटली नव्हती. पिल्ले सळसळत तलावात शिरली. काठावर साधना हसत होती, आणि तिला पाठ सरळ करता येत नव्हती.

डोमाने परत येऊन सगळे सांगितले. साहेब खुर्चीतून उठलेच.

"तीच गाडी, तोच रस्ता आणि एकही पिल्लू मेले नाही! म्हणजे शॉकअप काम करताहेत."

"सायेब, बायांनी मांडीवर धरले म्हणून..."

"लोकसहभाग!" साहेबांचे डोळे पाणावले.

ही पद्धत जिल्हाभर लागू झाली. पिल्ले शासन देईल, मांड्या लाभार्थ्यांनी स्वतः आणाव्यात, असा आदेश निघाला. वयस्कर मांड्यांना प्राधान्य होते, कारण त्या कमी हलतात.

पंधरा ऑगस्टला गोकुळाबाईंचा सत्कार ठेवला. नाव पुकारले गेले, पण त्यांना खुर्चीतून उठता येईना. डोमा धावत गेला आणि त्याने त्यांना काखेत हात घालून उभे केले.

"आता तरी सांगा, बाई," तो कानाशी पुटपुटला.

बाईंनी माइक धरला. "सायेब, शाल राहू द्या तुमची. त्या गाडीचे शॉकअप तेवढे..."

पुढचे कोणालाच ऐकू आले नाही. टाळ्या फार जोरात झाल्या. सारा मंडप उठून उभा राहिला. तुम्हीही होतात तिथे. उठताना तुम्ही कमरेला हात लावलात, आणि मग तोच हात टाळीला नेलात.