बिशपसाहेबांची अर्धी पुस्तकं

मोशीत आमच्याच सोसायटीत राहणारे बिशप वाघचौरे कोणालाही पुस्तक वाचायला देतात, पण अर्धंच. अर्धं म्हणजे खरोखर अर्धं. चांगलं जाडजूड पुस्तक बाइंडरकडून मधोमध उसवून घेतात, दोन्ही भागांना वेगवेगळे पुठ्ठे चढवतात आणि पहिला भाग तुमच्या हातात ठेवतात. दुसरा मागितलात तर म्हणतात, "आधी हा वाचून आणा. मग बघू. आमेन."

हे 'आमेन' प्रार्थनेतलं नव्हे. वाद मिटवायचं ते त्यांचं हत्यार आहे. भाजीवालीने कोथिंबीर कमी दिली तरी "ही जुडी नाही, काडी आहे, आमेन" म्हणून चालू लागतात. ती बिचारी मागून हाक मारून आणखी चार काड्या देते.

त्यांचं सगळं आयुष्य चर्चच्या सेवेत गेलं. शेवटी बिशप झाले, म्हणजे कितीतरी गावांतल्या चर्चेसचे आणि पाद्र्यांचे वरिष्ठ. निवृत्तीनंतर चर्चचा बंगला सुटला आणि ते एकटेच आमच्या सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये आले. एकटे म्हणजे पुस्तकांसह. चिखलीच्या भंगारवाल्यांकडे त्यांची अजून रोजची फेरी असते. जुनी बायबलं, शब्दकोश, शेतकीची पुस्तकं, जे मिळेल ते उचलतात. एकदा बंद पडलेल्या कुठल्याशा कारखान्यातलं लेथचं मॅन्युअल आणलं. मी चाकणला कंपनीत क्वालिटीला आहे. मी म्हटलं, "साहेब, हे मशीन आता कुठेच उरलेलं नाही."

"म्हणूनच पुस्तक ठेवायचं," ते म्हणाले.

एकदा त्यांना बाइकवर आकुर्डीच्या बाइंडरकडे घेऊन गेलो. चामड्याच्या पुठ्ठ्याचं, जिवापाड जपलेलं एक जुनं पुस्तक त्यांनी काउंटरवर ठेवलं आणि बाहेर जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. बाइंडर शिवण उसवत मला म्हणाला, "दर वेळी असंच करतात. त्यांना हा आवाज सोसत नाही." मग उसवायचं तरी कशाला, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

सोसायटीचे सेक्रेटरी जगदाळे मात्र कोणालाही काहीही विचारू शकतात. ते मूळ मोशीचेच. आमची इमारत त्यांच्या भावकीच्या जमिनीवर उभी आहे, त्यामुळे भिंतीला खिळा ठोकला तरी तो त्यांना लागतो. एक दिवस ते बिशपसाहेबांच्या दारात उभे राहून म्हणाले, "सायेब, ही स्लॅब हाय, गोडाऊन न्हाई. पुस्तकं हलवा, न्हाईतर आमी हलवू."

"आधी मला हलवा. आमेन."

जगदाळेही माघार घेणारे नव्हेत. त्यांनी शहरातल्या एका धर्मशिक्षणाच्या कॉलेजला, ही पुस्तकं घेऊन जा म्हणून, परस्पर फोन लावला. कॉलेज हरखून गेलं. एका रविवारी तिथले एक प्राध्यापक टेम्पो घेऊनच हजर झाले. काचेची कपाटं, एसी खोली, दारावर बिशपसाहेबांच्या नावाची पाटी, सगळं ठरवून आले होते. भांडण जुंपलंच तर सोडवायला मी होतो.

प्राध्यापकांनी अधीरपणे एक पुस्तक काढलं, उघडलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"सर, ही आवृत्ती आता कुठेच मिळत नाही! आणि तुम्ही तिचे दोन तुकडे केलेत? का?"

बिशपसाहेब खुर्चीतून उठले.

"आख्खी होती तोवर लोक एकदाच यायचे. पुस्तक न्यायचे आणि परत करताना वॉचमनकडे ठेवून जायचे. दर रविवारी माझ्यासमोर चर्च भरलेलं असायचं हो. इथे आल्यावर रविवारी दाराची बेलसुद्धा वाजेना. आता अर्ध्या पुस्तकासाठी का होईना, माणूस पुन्हा येतो. बसतो, बोलतो, चहा घेतो. तुमची कुलूपबंद कपाटं तुम्हाला लखलाभ असोत. माझ्या घरातलं एक पानही हलणार नाही!"

आमेन म्हणायचं ते विसरले. मान मात्र ताठ होती. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

टेम्पो रिकामाच गेला. जगदाळे दारातच घुटमळत राहिले. मग चपला काढून आत आले आणि न विचारता बसले.

"स्लॅबचं बघू काय ते. इंजिनियरला आणतो, तो सांगंल तशी भिंतीकडंला घिऊ कपाटं," ते खाली बघत म्हणाले. "मला बी द्या एखादं पुस्तक. जरा पातळ बघून."

बिशपसाहेबांनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. आत गेले आणि बऱ्याच वेळाने बाहेर आले.

"पातळ नाही मिळणार," पुस्तक जगदाळ्यांच्या मांडीवर ठेवत ते म्हणाले. "हा पहिला भाग. याचे तीन केलेत."