चिमणाबाईच्या बाह्या

शब्द न् शब्द खरा आहे! आपल्या ख्रिस्ती लोकांत शपथ घ्यायची मनाई आहे, म्हणून एरवी मी घेत नाही. पण एवढ्या गोष्टीपुरती घेते, आणि मोठ्यांदा घेते. खोटं बोलत असेन तर माझी कवळी भर पंगतीत वरणात पडो!

तर चिमणाबाई गेली. एप्रिल महिना, ऊन असं की रस्त्यावरचं डांबर चपलेला सोडेना. बर्फाच्या लादीवर तिला ठेवलेलं, आणि उशाशी तिची मुलगी मंजुषा बसलेली. डोळ्यांत टिपूस नाही. आयाबाया आपसात म्हणाल्या, पोरीला धक्का बसलाय, रडवा तिला, नाहीतर डोक्यात जाईल.

धक्का कसला! ती बेत करत होती. आणि बेत पक्का झाल्यावर ती उठली, भाऊ किशोरला स्वयंपाकघरात ओढलं आणि म्हणाली, "आईचा शब्द मी पाळणार. कुणाला पत्तासुद्धा लागणार नाही. तू फक्त कबरीपाशी सगळ्यांना गाणं म्हणायला लाव, बाकीचं माझ्यावर सोड."

आता आईचा शब्द काय, ते ऐका.

चिमणाबाईचं लग्न झालं तेव्हा नवरा सावळीराम इगतपुरीला रेल्वेत होता. हौशी माणूस. त्याने मुंबईहून पांढरी साडी आणली आणि तेव्हाच्या फॅशनचं बिनबाह्यांचं पोलकं शिवून घेतलं. नवरी चर्चच्या दारात आली आणि तेव्हाच्या पाळकसाहेबांनी तिला तिथंच थांबवलं. उघड्या दंडांनी प्रभूच्या मेजापुढं उभं राहता येणार नाही म्हणाले. वऱ्हाड उन्हात ताटकळलं. शेवटी घंटा वाजवणाऱ्याचा कॉफी रंगाचा स्वेटर आणून तिच्या अंगात घातला. मे महिना! लग्नाच्या एकूण एक फोटोत नवरी स्वेटरमध्ये, घामाने निथळतेय, शेजारी सावळीराम असा उभा की जणू कुल्फीवाल्याने शेकोटी केलीय.

त्या दिवसापासून चिमणाबाई पूर्ण बाह्यांचं पोलकं घालायला लागली. महिला मंडळात गेली, डोक्यावरून पदर घेतला, कधी वाद घातला नाही. पण ते बिनबाह्यांचं पोलकं तिने ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून जपलं. शेवटच्या आजारात मंजुषाला म्हणाली, "मला त्यातच पुरा. वरून काही घालू नका. देवाने आदाम-हव्वेला कपडे शिवून दिले, पण बाहीचं माप कुठं सांगितलं नाही. मी गेले की विचारीन."

आणि आजाराने ती इतकी वाळली, इतकी वाळली, की पन्नास वर्षांनी ते पोलकं तिच्या अंगाला बेतून शिवल्यासारखं आलं. मरणाने एवढी एक सोय केली.

अडचण एकच. साधनाबाई.

साधनाबाई म्हणजे महिला मंडळाच्या अध्यक्षा. आवाज असा की त्या गंगापूर रोडला खोकल्या तर शरणपूरला माणूस पदर सावरतो. मंडळात गरीब-श्रीमंत कळू नये म्हणून त्यांनी एकाच ताग्यातलं पांढरं कापड घेऊन सगळ्यांना एकाच शिंप्याकडून मनगटापर्यंत बाह्यांची पोलकी शिवून घेतलेली. पण त्यांचं एक होतं हो. चर्चच्या मंडळीतली कुठलीही बाई गेली की आंघोळ घालायला पहिल्या त्याच येत. सख्ख्या सुना नाक दाबून लांब उभ्या राहात, तेव्हा ही बाई कासोटा खोचून पाणी ओतायची. आणि त्यांच्या हाताखालून कुणी बिनबाह्यांचं कबरीत गेलेलं नव्हतं.

म्हणून मंजुषाचा बेत असा. आतून आईचं लग्नातलं पोलकं घालायचं, आणि त्यावर मंडळाचं पांढरं. मयताचे कपडे मागून कापायची रीतच आहे. तसं तिने मंडळाच्या पोलक्याची पाठ उभी कापली, कच्च्या टाक्याने पुन्हा जोडली आणि मानेपाशी दोऱ्याचं टोक लोंबतं ठेवलं. चर्चमध्ये सगळं झाकलेलं दिसेल. कबरीपाशी शेवटचं कवटाळताना मानेखाली हात घालायचा, दोरा ओढायचा, की पाठ मोकळी. पुढून ओढलं की दोन्ही बाह्यांसकट पोलकं हातात. तोवर किशोरचं गाणं, आणि लोकांचे डोळे मिटलेले!

पोलकं शिवून, इस्त्री करून तिने खाटेवर ठेवलं. साधनाबाई आल्या, साध्या सुती साडीत. आंघोळ घालायची तर भिजायला होतं, म्हणून आपली पांढरी साडी-पोलकं पिशवीत आणलेलं. ते काढून त्यांनी ठेवलं कुठं? त्याच खाटेवर! कापड एक, शिंपी एक, आणि चिमणाबाई आजारापूर्वी चांगली भरलेली, त्यामुळे मापही एकच.

आंघोळ झाली. साधनाबाई स्वतः न्हायला मोरीत गेल्या, तेवढ्यात मंजुषाने दार लोटून आईला लग्नातलं पोलकं चढवलं. आणि नेमकं तेव्हा तिला रडू आलं. सकाळपासून अडवून धरलेलं, ते असं फुटलं की पुढचं दिसेना. साधनाबाई बाहेर आल्या, खाटेवरचं हाताला लागलं ते पोलकं घालून मोकळ्या झाल्या. उरलेलं मंजुषाने रडत रडत आईच्या अंगात घातलं. वाळलेलं अंग ते, पोत्यात काठी घालावी तसं गेलं. दोरा बघायची शुद्ध कुणाला होती!

चर्च भरलं. शवपेटी पुढं, झाकण उघडं. साधनाबाई पहिल्या बाकावर. त्यांच्या मागे चिमणाबाईची नणंद नवसाबाई, इगतपुरीहून आलेली. पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली आणि सगळ्यांनी डोळे मिटले. नवसाबाई डोळे मिटून कधी प्रार्थना करत नाही, चपला जातील म्हणते. तिला समोर काय दिसलं? उकाड्याने साधनाबाईंचा पदर मानेवरून खाली घसरलाय, आणि मानेपाशी पांढरा दोरा लोंबतोय.

आता तुम्हीच सांगा, दुसरीच्या पोलक्याचा लोंबता दोरा कुठल्या बाईला बघवतो? नवसाबाईने हळूच धरला आणि ओढला. तो तुटेना, पण येत राहिला. मग तिने तो बोटाला गुंडाळायला घेतला, संक्रांतीला मांजा गुंडाळावा तसा.

पलीकडच्या बाकावर मंजुषाने डोळे पुसायला रुमाल काढला आणि तिची नजर त्या बोटावर गेली. दुहेरी दोरा. तिने स्वतः ओवलेला. दोरा इथं आहे, म्हणजे आईच्या अंगावर अख्खं पोलकं आहे, आणि ते आता ओढून निघणार नाही.

प्रार्थनेत ओरडता येत नाही. "आमेन" होईपर्यंत नवसाबाईच्या बोटाला रीळ झालं होतं.

लगेच पाळकसाहेबांनी साधनाबाईंना दोन शब्द बोलायला बोलावलं. त्या उठल्या, पदर पुढून डोक्यावर ओढला, मागून तो फक्त एका खांद्यावर राहिला, आणि मंडळी डोळे उघडून सावरेपर्यंत त्या पुढं जाऊन लोकांकडे तोंड करून उभ्याही राहिल्या. म्हणजे पाठ कुणाकडे? मेजाकडे आणि पाळकसाहेबांकडे! भाषण चाललं मर्यादेवर. आमची ही बहीण आयुष्यभर कशी झाकून राहिली, आजच्या मुलींनी काय घ्यावं, बाईचं शील तिच्या कपड्यात कसं दिसतं. आणि मागे पाळकसाहेब छताच्या पंख्याची पाती मोजत होते. एकदा खोकले. दोनदा खोकले. साधनाबाईंना वाटलं, मुद्दा पटतोय.

मग पंख्याचा वारा लागला. साधनाबाई बोलता बोलता थांबल्या. एक हात हळूच मागे गेला. चेहरा असा झाला की पेटीतल्या चिमणाबाईला जास्त रंग होता.

मंजुषा धावली आणि तिने त्यांना मिठी मारली, उसवलेल्या पाठीची दोन्ही पाखं मागून घट्ट धरून. लोकांना वाटलं, पोरीचा बांध फुटला. मग काय, अख्खं मंडळ हुंदके देत येऊन दोघींच्या गळ्यात पडलं! त्या गठ्ठ्यातून वाट काढत, खेकड्यासारखं आडवं चालत, मंजुषाने त्यांना बाजूच्या खोलीत नेलं.

दार लावलं. साधनाबाईंनी विचारलं, हे कुणाचं पोलकं? मंजुषा म्हणाली, आईचं. मग माझं कुठंय? मंजुषाने दारापलीकडच्या शवपेटीकडे बोट केलं.

आणि मग तिने सगळं सांगितलं. दोरा, बेत, स्वेटर, ट्रंक. साधनाबाई ओरडतील असं तिला वाटलं होतं. त्या ओरडल्या नाहीत. त्या खुर्चीच्या कडेला बसल्या.

"मेलेल्या बाईला आपला पदर सावरता येत नाही, मंजुषा. आला-गेला बघतो. म्हणून आम्ही सावरतो."

"आणि तिने तो मुद्दाम सोडला असेल तर?"

मंजुषाने आपल्या साडीच्या पिना काढून एक एक करत साधनाबाईंच्या पोलक्याची पाठ जोडली. एक-दोन टोचल्याही. त्यांनी पाठ तशीच ताठ धरली.

कबरस्थानात शेवटचं दर्शन झालं. किशोरला बिचाऱ्याला काय ठाऊक! ठरल्याप्रमाणे त्याने गाणं उचललं, सगळ्यांना डोळे मिटायला लावले आणि बहिणीला खुणावलं, कर आता. ती नुसती उभी. त्याने दुसरं कडवं घेतलं. तिसरं घेतलं. गाणं संपलं तरी ती उभीच, म्हणून त्याने पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं. लोकही म्हणत राहिले, मयताच्या ठिकाणी नको कसं म्हणायचं? मंजुषाने आईच्या मानेखाली हात घातला, पण तिथं ओढायला काही नव्हतं. गार मान तेवढी होती.

तेव्हा साधनाबाई पुढं आल्या. पुष्पचक्रवाल्याकडे हात करून म्हणाल्या, "कात्री दे." आणि त्या बाईने, जिने जन्मभर दुसऱ्यांचे दंड झाकले, चिमणाबाईच्या अंगावरच्या आपल्याच पोलक्याच्या बाह्या खांद्यापासून कापल्या. कर्र, कर्र. चिमणाबाईचे दंड मोकळे झाले, काटकीएवढे, पांढरे. उन्हात आले. साधनाबाईंनी पदर त्यांच्यावर ओढला नाही. म्हणाल्या, "जा बाई. विचार त्याला."

किती छान झालं असतं, नाही?

सगळं खरं आहे, दोरा खरा, पंखा खरा, स्वेटरचे फोटो तर मंजुषाकडे आजही आहेत. तेवढं कात्रीचं मी पदरचं घातलं. कबरस्थानात कात्री कोण नेतं? हाराचा दोरासुद्धा किशोरने दातांनी तोडला होता. साधनाबाई पुढं आल्या, एवढंच खरं. त्यांनी वाकून चिमणाबाईच्या बाहीची सुरकुती नीट केली, मनगटाचं बटण लावलं, आणि मग झाकण लागलं.