खैरनार सरांची धूळ

लग्नात नवरदेव बोहल्यावर चढला की आमचे खैरनार सर एक डोळा मिटत, हात लांब करत आणि अंगठ्याने त्याचं तोंड झाकत. पंचवटीतल्या एका कार्यालयात मुलीच्या बापाने हे पाहिलं आणि पंगतीत आम्हाला कोणी विचारलंच नाही. सर शांतपणे म्हणाले, "झगझगीत ते झाकलं की भोवतीचं दिसतं. मागे मावशी रडत होती, दिसली तुम्हाला?" मला फक्त जिलबी दिसत होती, तीही लांबून.

आमच्या कॉलेजात ते फिजिक्स शिकवायचे आणि मी मराठी. घरंही शेजारी, त्यामुळे नव्वदच्या दशकातलं त्यांचं सगळं खगोलशास्त्र मला भोगावं लागलं. वृषभ राशीत नुकताच जन्मलेला एक तारा आहे आणि त्याच्याभोवती धुळीची चकती असणारच, एवढाच त्यांचा ध्यास. मग ती दिसत का नाही, असं विचारलं की ते माझा हात धरून वहिनींच्या इस्त्रीजवळ नेत. तापलेली इस्त्री डोळ्यांना कळत नाही, हाताला कळते. ती धूळही ताऱ्याने तशी तापलेली आहे आणि तिची ऊब टिपायला अवरक्त किरणांचा कॅमेरा लागतो. घरातली धूळसुद्धा ते पुसू देत नसत, कारण ग्रह म्हणे तिच्यातूनच होतात. मग भाकरीही तिचीच थापू का, असं वहिनींनी एकदा विचारलं होतं.

तसा कॅमेरा डोंगरावरच्या एका वेधशाळेत होता. सर दर हिवाळ्यात तिथे वेळ मागत. कधीतरी मिळे आणि नेमकं तेव्हाच आभाळ भरून येई. एकदा आभाळ स्वच्छ होतं, तर कॅमेराच बिघडला. परत आले की पुढचे आठ दिवस मुलांवर उगाच चिडत. मला त्यांची कीव यायची आणि रागही यायचा. एवढ्या आकाशात यांना दुसरा तारा मिळू नये? अशातच वहिनी छातीच्या दुखण्याने गेल्या. सरांनी वेळ मागणं सोडून दिलं.

पुढे कॉलेज रोडवर सायबर कॅफे निघाले. परदेशातल्या कुठल्याशा दुर्बिणीने तोच तारा टिपल्याचं सरांच्या कानावर आलं, तेव्हा ते मला ओढून तिथे घेऊन गेले. चित्र वरून खाली रखडत उतरलं. ताऱ्याभोवती फिकट लाल चकती होती, जराशी कललेली. ज्याच्यासाठी या माणसाने उमेदीची वर्षं घालवली, ते भलत्यांनीच पाहून ठेवलं होतं. मला फार वाईट वाटलं.

सरांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग म्हणाले, "शे."

शे म्हणजे आहे. सर सटाण्याकडचे, पण माझ्याशी अहिराणीत कधी बोलले नव्हते. ती फक्त वहिनींशी चाले. डोंगरावरून ते परतले की वहिनी दारातच विचारायच्या, "दिसनी का?" सर नकाराची मान हलवायचे आणि वहिनी पाणी आणायला आत जायच्या.

मी म्हटलं, "चला सर, घरी जाऊ."

ते उठले नाहीत. पडद्याकडे बघतच म्हणाले, "घर जाईसन कोनले सांगू?"