चर्च वर्गणीला निघालं

पिंपरखोरीचं दगडी चर्च एका रविवारी, उपासना आटोपल्यावर, स्वतःच वर्गणी मागायला निघालं. निघायलाच हवं होतं. छपराचे वासे कुजले होते, वेदीवर भर दुपारचं ऊन पडत होतं, आणि जीर्णोद्धार समितीने आजवर काय केलं म्हणाल, तर अध्यक्ष कोण यावर भांडण. सरकारी इंजिनीअर सांगून गेला होता की पावसाळ्याआधी छप्पर झालं नाही तर दाराला सील. एवढ्या जुन्या इमारतीने मग कुणाकुणाच्या तोंडाकडे बघत बसायचं?

एस्तेरबाई भिंगारदिवे तेव्हा आत सतरंज्या झटकत होत्या. जमीन हलली तसं त्यांनी दाराबाहेर डोकं काढलं, तर बोरीची झाडं मागे मागे चालली होती.

"अगं बया! निघायच्या आधी सांगायचं तरी!" त्या चर्चला म्हणाल्या. "दूध उघडं राहिलंय माझं."

आत आणखी एकच माणूस होता, दाऊदमामा आढाव. हंगामाच्या सणाला गावकरी आपलं पहिलं पीक चर्चला वाहतात, कणसं, भोपळे, कोंबड्या, आणि मग अंगणात त्याचा लिलाव होतो. तो पुकारायचा मान मामांचा. गावची रीत अशी की बोली जिंकणाऱ्याने वस्तू घरी न्यायची नाही. पैसे टाकायचे आणि "परत!" म्हणून ती पुन्हा लिलावात सोडायची. एकेका भोपळ्याने पिंपरखोरीत अख्खी संध्याकाळ काढलेली आहे.

"कुठं चाललंय हे?" एस्तेरबाईंनी विचारलं.

"पुण्याच्या अंगाला," मामा म्हणाले. "बाप्तिस्मा इथं घेऊन तिकडं फ्लॅट घेतलेल्यांकडं जात असंल. बरोबरच आहे की."

टोलनाक्यावर थोडा खोळंबा झाला. तिथल्या माणसाने दरपत्रक वरून खाली दोनदा वाचलं, त्यात चर्च नव्हतं, म्हणून त्याने बैलगाडीसारखं तेही फुकट सोडलं. एस्तेरबाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. चर्च वाघोलीत आनंदबन सोसायटीच्या फाटकासमोर थांबलं, तेव्हा मात्र त्यांनी दाराबाहेर काढलेलं डोकं पटकन आत घेतलं.

तिथे त्यांचा मुलगा राहायचा, नहेम्या. घरातला नेमू. बाप गेला तेव्हा तो दफनविधी उरकल्यावर पोचला होता, आणि एस्तेरबाईंनी कबरस्तानात, चारचौघांत, त्याला सुनावलं होतं, "आता कशाला आलास? जा माघारी, पुन्हा तोंड दाखवू नको." माणूस रागात बोलून जातो हो. पण पोराने ते लेखी आदेशासारखं पाळलं. फोन नाही, नाताळ नाही, काही नाही. छप्पर व्हावं असं एस्तेरबाईंना वाटायचंच, पण पोरगा घरी यावा हे त्यांना त्याहून जास्त वाटायचं, आणि हे त्या देवालासुद्धा दबकत सांगायच्या.

वॉचमनने वही पुढे केली. "कुणाकडं?"

"भिंगारदिव्यांकडं," मामा म्हणाले.

"सोबत कोण?"

"चर्च."

"पाहुणे" असं लिहून वॉचमनने फाटक उघडलं. चर्च अंग चोरून आत शिरलं आणि पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये दोन स्कूटरच्या मध्ये नीट उभं राहिलं.

सेक्रेटरी करंबेळकर लगेच खाली आले. "हे दुचाकीत धरायचं की चारचाकीत?"

"चाकंच नाहीत त्याला," एस्तेरबाई म्हणाल्या.

"म्हणजे वाहन नाही. म्हणजे पार्किंगचा नियम लागत नाही." करंबेळकर विचारात पडले. "पण मग बांधकाम धरावं लागेल. परवानगी आहे?"

"इंग्रजांच्या वेळची."

"मग माझं काही म्हणणं नाही. फक्त घंटा दुपारी दोन ते चार वाजवू नका."

गर्दी जमली. मामांनी खिसे चाचपले, वेदीमागे शोधलं. लिलावाला काहीतरी हवं होतं. सकाळी दानाच्या थाळीत कुणीतरी एक गावरान अंडं ठेवलं होतं, तेवढंच निघालं. मामांनी ते उंच धरलं आणि असा खडा आवाज लावला की बाल्कन्या भरल्या. फक्त तिसऱ्या मजल्यावरचा एक पडदा बंद होता. एस्तेरबाईंनी तिकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि त्या तिकडेच बघत होत्या.

बोली लागली. करंबेळकरांनी दोनशे रुपयांना अंडं जिंकलं, पैसे थाळीत टाकले, अंडं रुमालात गुंडाळलं आणि चालायला लागले. आता परक्या माणसाला रीत कशी माहीत असणार? मामा थाळी धरून बघतच राहिले. एस्तेरबाईंनी तोंडावर हात ठेवला.

वरून ओरडण्याचा आवाज आला. "ओ काका! अंडं कुठं नेताय? परत! परत म्हणा!"

पडदा उघडा होता आणि नेमू कठड्यावर ओणवा झाला होता. त्याला राहवलंच नाही. लहानपणापासून अंगात भिनलेलं, ते असं थोडंच जातं?

"परत!" करंबेळकर गोंधळून म्हणाले. नेमू बनियनवर धावत खाली आला, त्याने पाचशे लावले आणि "परत!" म्हणाला. मग सोसायटीला जी चटक लागली! डॉक्टरीणबाईंनी घेतलं, परत. योगाच्या वर्गाने मिळून घेतलं, परत. करंबेळकरांनी तेच अंडं तीनदा घेतलं, आणि प्रत्येक वेळी "परत" म्हणताना ते टुणकन उडी मारत होते. ऊन चढलं तसे सगळे चर्चमध्ये शिरले, आणि थाळी भरून सांडायला लागली तेव्हा चर्च हलकेच उठलं आणि गावाकडे निघालं.

कुणी फारसं मनावर घेतलं नाही. नेमू आईपासून दोन बाकं सोडून बसला होता. एस्तेरबाईंना म्हणायचं होतं, चुकले रे मी. तोंडातून निघालं, "बारीक झालास."

नेमूने मान वर केली. छपराच्या भोकाकडे बघत कुजलेले वासे मोजले. मग म्हणाला, "वासे मी बदलून देईन. आठवडा राहावं लागेल."

"दहा दिवस!" करंबेळकर सवयीने ओरडले.

"पंधरा!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

एस्तेरबाई उठून उभ्या राहिल्या. "महिना!"

मामांनी थाळी उचलली. आवाज खणखणीत होता. "महिना एक वार. महिना दोन वार..."

ते थांबले आणि त्यांनी नेमूकडे पाहिलं.

"तीन वार," नेमू म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

"दिला!" मामांनी थाळीवर थाप मारली. "एस्तेर, आता 'परत' म्हण. रीत आहे."

सगळी सोसायटी वळून बघायला लागली. एस्तेरबाई दोन बाकं ओलांडून गेल्या आणि त्यांनी पोराचं मनगट घट्ट धरलं.

"मी नाही म्हणत, जा," त्या म्हणाल्या. "हा मी घरी नेणार."