गुलाबमामा तळाशी हात घालतात

गुलाबमामांसमोर कसलाही ढीग ठेवू नका. लाडवांचा असो, भेंडीचा असो की लग्नातल्या साड्यांचा, मामा बाही वर करतात आणि थेट तळाशी हात घालतात. माझ्या चुलतभावाच्या साखरपुड्यात मुलीकडच्यांनी कौतुकानं फोटोंचा अल्बम पुढे केला, तर मामांनी तो शेवटच्या पानापासून उघडला. अकोल्याच्या बाजारात भाजीवाल्या त्यांना लांबून ओळखतात. "आले बाप्पा खोदकामवाले," म्हणून एक जण तर टोपलीच उपडी करून ठेवते. मामांना राग येत नाही. ते खालची भेंडी मोडून बघतात आणि म्हणतात, "वरचा माल दाखवाचा रायते. घरी खालचाच येते."

हा दोष त्यांच्या नोकरीचा. मामा आयुष्यभर सरकारी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. गाडी आली की वर पांढराशुभ्र कापूस दिसायचा. मामा काखेपर्यंत हात खुपसून तळातली मूठ बाहेर काढायचे. कधी ती वजन वाढवायला पाणी मारलेली, ओली निघायची, कधी कवडी, म्हणजे किडका, पिवळा पडलेला कापूस. चांगल्या मालाला ते 'एफएक्यू' म्हणायचे. या अक्षरांचा अर्थ मी कितीदा विचारला, पण उत्तर एकच, "म्हंजे चांगला." नोकरी संपली, पारख संपली नाही. वरण एफएक्यू, जावई ओला, नगरसेवक कवडी.

माझ्या पत्रकाचंही त्यांनी हेच केलं. मी अमरावतीला एका छोट्या संघटनेत काम करते आणि पत्रकं लिहिते. स्पष्टच सांगते, चांगली लिहिते. 'आईबाप म्हणजे अडगळ नव्हे!' हे माझं सगळ्यात गाजलेलं पत्रक. आपल्या माणसांना वृद्धाश्रमात सोडून येणाऱ्यांना मी त्यात निर्लज्ज आणि कृतघ्न म्हटलं होतं. तिसराही एक शब्द होता, तो छापखानावाल्यानं घाबरून गाळला. गठ्ठा घेऊन अकोल्याला मामांकडे गेले, तर त्यांनी अगदी तळातून एक कागद ओढला. तो नेमका शाई फासलेला निघाला. तरी त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला.

"वरचा कापूस हाय, पोरी. खाली हात घातला काय तू?"

"म्हणजे?"

"म्हंजे अशी एखांदी जागा आतून पायली काय?"

"पाहायची गरज नाही मामा. हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

"मंग चाल," मामा म्हणाले, "बाईसाठी जागा पाहाची हाय."

बाई म्हणजे त्यांची थोरली बहीण, माझी मोठी मावशी. वय चौऱ्याऐंशी. मामी गेल्यापासून घरात हे दोघंच. मावशीचं सासर हिवरखेड. तिथलं घर केव्हाच विकलं गेलं, पण मावशी रोज सकाळी पिशवी भरून ओट्यावर बसते आणि विचारते, "हिवरखेडची गाडी आली काय रे, गुलाब?" उत्तर ऐकते, मान डोलावते, आणि थोड्या वेळानं पुन्हा विचारते. संध्याकाळपर्यंत हेच. एकदा ती एकटीच एसटी स्टँडवर जाऊन पोचली होती. न्हाणीत दोनदा पडली. तिला उचलायचं तर मामांचे स्वतःचेच गुडघे वाजतात.

हे सगळं मला माहीत होतं. तरी मी उसळले. जिनं तुम्हाला कडेवर वाढवलं, तिलाच तुम्ही परक्यांच्या दारात सोडणार? पत्रकातला दुसरा परिच्छेद मी उभ्या उभ्या म्हणून दाखवला.

मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. "झालं? आता चप्पल घाल."

मी गेले ती भांडायला गेले, हे कबूल करते.

पहिली जागा अमरावतीतली, काचेच्या दाराची. टाय लावलेला व्यवस्थापक आम्हाला कारंजं दाखवत होता, तोवर मामा आत शिरून एका गादीखाली हात घालून आले होते. मग स्वयंपाकघरात गेले आणि वरणाच्या पातेल्यात पळी तळापर्यंत बुडवली. "वर दाळ नाई, खाली दाळ नाई. मंग हाय कुठी?" व्यवस्थापक हसला. मामांनी विचारलं, "जेवन किती वाजता, साहेब?"

"साडेबारा, आजोबा."

जिना चढताना मामांनी पुन्हा विचारलं, "जेवन किती वाजता रायते?" गच्चीत पुन्हा. उतरताना पुन्हा. चौथ्या वेळी टाय बोलला, "अहो, सांगितलं ना आत्ता!"

"ओला हाय," मामा माझ्याकडे वळून म्हणाले. "चाल."

दुसरी जागा अकोल्यातच. तिथल्या बाई भलत्याच गोड. मामांनी जेवणाची वेळ पाच वेळा विचारली आणि त्यांनी पाचही वेळा सांगितली. सहाव्यांदा मात्र त्या मामांना ओलांडून मला विचारू लागल्या, "यांना असं कधीपासून होतंय?" मामा चप्पल शोधायला लागले. "कवडी," एवढंच पुटपुटले.

मी मात्र हादरले. बाईंचा प्रश्न खरा होता. असं कधीपासून होतंय? दोघं भाऊबहीण एकाच वाटेला लागले की काय? परतताना मी मामांना मुद्दाम जुनं जुनं विचारत राहिले. ते सगळं बरोबर सांगत होते, पण मावशीलाही जुनं सगळं आठवतंच की.

मध्ये एका नातेवाइकानं फोनवर जागा सुचवली, सेमाडोहच्या वाटेवर, निसर्गाच्या सान्निध्यात. मामा म्हणाले, "तिथं बाईनं गाडीचं कोनाले इचाराचं, वाघाले?"

तिसरी जागा परतवाड्याकडची. तिथं पाचव्यांदा वेळ विचारल्यावर व्यवस्थापकानं ऐकूच न आल्यासारखं केलं. आणि मी काय केलं ते सांगते. मामा गादी उचकत होते, तेव्हा त्या माणसाला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "दोन खाटा मिळतील का? एक मामांसाठी." होय, मीच. 'आईबाप म्हणजे अडगळ नव्हे'वाली.

चौथ्या जागेकडून मला काडीची आशा नव्हती. अचलपूर रस्त्यावर शेताला लागून एक बैठी इमारत, रंग उडालेला, पाटीवरचं एक अक्षर गळलेलं. व्हरांड्यात नजमाबी नावाच्या बाई सुपात तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. स्वयंपाक त्याच बघायच्या आणि म्हाताऱ्यांचं हवं-नको तेही.

"जेवन किती वाजता, बाई?" मामा सुरू झाले.

"साडेअकराले, चाचा."

मामा आत जाऊन पातेल्याचा तळ ढवळून आले. पुन्हा विचारलं.

"साडेअकराले, चाचा. भूक लागली काय?"

मग गाद्या झाल्या, उशा झाल्या, न्हाणीघर झालं, पाण्याच्या टाकीचं झाकण झालं. प्रत्येक फेरीनंतर मामा नजमाबींपुढे येऊन उभे राहायचे. सहाव्या वेळी त्यांनी मामांच्या हातात सूपच दिलं. "साडेअकराले. बसा इथं, खडे निवडा. निवडता निवडता वाजतेच पाहा."

मामा मांडी घालून बसले. दोन मुठी निवडल्या. पुन्हा विचारलं. नजमाबींनी मान वर न करता, पहिल्या वेळचाच आवाज लावून सांगितलं. पुन्हा विचारलं. पुन्हा सांगितलं. नवव्या वेळी माझाच तोल गेला.

"मामा, बस करा! नऊ वेळा सांगितलं त्यांनी!"

व्हरांड्यातली म्हातारी मंडळी माझ्याकडे पाहायला लागली. नजमाबी म्हणाल्या, "ओरडू नका ना ताई. त्याईच्यासाठी तं हे पहिलीच बार हाय ना."

मामांनी सूप खाली ठेवलं. हात झटकले. उठून कार्यालयात गेले आणि अर्ज मागितला.

फाट्यावर गाडीची वाट बघताना मी धीर एकवटला. "मामा, रागवू नका. आपण एकदा डॉक्टरकडे जाऊन येऊ. तुमच्यासाठी."

"मले काय झालं?"

"तुम्ही एकच गोष्ट नऊ नऊ वेळा..."

मामा इतके हसले की त्यांना दगडावर बसावं लागलं. "मले बह्याड समजली काय व तू? अवं, ते मी माल तपासून राहिलो होतो! पयलं उत्तर कोनीही गोडच देते, तो वरचा कापूस. बाई दिवसभर इचारते. तिले तळातलंच उत्तर भेटन ना? मंग तळातलंच पाहा लागते."

मलाही हसू फुटलं. तिथं धुळीत उभी राहून मी खूप वेळ हसले, कारण आठवडाभर छातीवर बसलेला दगड उतरला होता. मामांचं डोकं जागेवर होतं. त्या दोन खाटांचंही सांगून टाकलं. "वा रे पत्रकवाली!" मामा म्हणाले. मग जरा वेळानं, "तरी तू नवव्यापर्यंत टिकली. मी तं सातव्यालेच गेलो होतो."

"कुठे?"

मामा रस्त्याकडे बघत होते. "दिवाळीच्या आंधी. गुडघा ठणकून राहिला होता. बाईनं सातव्यांदा गाडी इचारली अन् मी ओरडलो तिच्यावर. वाईट ओरडलो. मंग दोन दिवस तिनं काईच इचारलं नाई. पिशवी घेऊन ओट्यावर बसे, माझ्याकडे पाहे, अन् चूप. तिले आठवत काईच नाई, पर भ्या मात्र आठवलं." त्यांनी शर्टाची वर केलेली बाही खाली ओढली. "जिनं मले चालाले शिकवलं, थे मले भेली. मंग मी माझ्यातच हात घातला, पोरी. कवडी निघालो."

मी त्यांच्या शेजारी त्याच दगडावर टेकले.

मावशी आता तिथं आहे. व्हरांड्यात पिशवी घेऊन बसते आणि नजमाबींना गाडीचं विचारते. नजमाबी सांगतात आणि सूप पुढे करतात. मावशीचा चेहरा भरलाय, पडणं थांबलंय. मामा दर गुरुवारी अकोल्याहून दोन गाड्या बदलून येतात. मीही कधी कधी जाते. ते पत्रक मी वाटायचं बंद केलंय. नवं लिहितेय, वाईट जागांवर. कारण गाद्या मीही आता उचकून बघितल्यात.

मागच्या गुरुवारी मावशी डाळ निवडण्यात रमली होती. मामा तिच्याशेजारी बसून होते. फाट्यावर अमरावतीची गाडी दिसली तशी मी म्हणाले, "मामा उठा, ही चुकली तर पुढे अकोल्याची चुकेल."

मामा हलले नाहीत. "जाऊ दे. दुसरी येईन."

"अहो, पण का?"

"बाईनं अजून इचारलं नाई," मामा हळू आवाजात म्हणाले.

गाडी थांबली, माणसं चढली, गाडी गेली. आम्ही तिघं बसून राहिलो. बऱ्याच वेळानं मावशीनं सूप बाजूला ठेवलं, पिशवी मांडीवर ओढली आणि मामांकडे वळली.

"हिवरखेडची गाडी आली काय रे, गुलाब?"

"येऊनच राहिली, बाई," मामा म्हणाले आणि पाय पसरून नीट बसले.