अळीचा शिक्का

वांग्याला भोक नसेल तर आमचे शेजारी नाकेदार ते हातात धरत नसत. गावोगाव युरियाच्या पोत्याला हळदकुंकू वाहायचे ते दिवस. नाकेदारांची हयात वर्ध्याच्या जकातनाक्यावर गेलेली, त्यामुळे शिक्क्याशिवाय माल सोडायचा नाही हे हाडात मुरलेलं. "अळीचा शिक्का कुठाय?" हा बाजारातला पहिला सवाल. अळीनं चाखलं म्हणजे युरिया नाही, फवारा नाही, माल शुद्ध शेणखताचा.

त्यांचं पाहून अख्खी गल्ली शेणखतावर घसरली. तब्येतीसाठी, असं तोंडानं सांगत. खरं कारण ओटा. गल्लीतल्या मास्तरीणबाई घरापुढच्या ओट्यावर बसून वांगी चिरायच्या, भोकाची बाजू रस्त्याकडे करून. एकीला अळी सापडली, तर तिनं ती दिवसभर ताटलीत मिरवली. बिनअळीच्या घरी सोयरीक होईना, इथवर पाळी आली.

नाकेदारांच्या घरी खाणारं तोंड एकच. तरी पावभर वांग्यांसाठी दर रविवारी सेलूकडच्या कौसल्याबाईच्या ढिगासमोर तासभर उकिडवे. वांगं हुंगायचे, उन्हाकडे धरायचे, कानाला लावायचे.

"काय म्हणते जी अळी?" बाई विचारायची.

"झोपून राह्यली."

"मंग हळू बोला."

"तुही आजारी गाय खाते काय आता?"

"तुमच्याहून बरं खाते. आज जेवले, का पुन्हा मुरमुरेच?"

एका रविवारी मी लवकर गेलो. बाई पोत्याआड बसून दाभणानं वांग्यांना भोकं पाडत होती. मी अर्धा बाजार गोळा केला. दुपारपर्यंत गल्लीचं शेणखत उतरलं आणि मास्तरीणबाई कोबीकडे वळल्या.

पुढच्या रविवारी नाकेदारांचं तोंड पाहायला मी मुद्दाम मागोमाग गेलो. ढिगात सगळी गुळगुळीत वांगी. बाईची मान खाली. नाकेदार रिकामी पिशवी घेऊन नुसतेच उभे.

"दाभण आणला नाई काय?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुमाले मालूम होतं?"

"पयल्या दिसापासून. जल्मभर शिक्केच पाह्यले मी."

"मंग घेत काऊन होते जी?"

नाकेदार उकिडवे बसले. "गुळगुळीत वांगं पाच मिनिटात घेऊन होते, बाई. मंग बोलू कोणासंग?"

बाईनं कनवटीचा दाभण काढला, एका वांग्यात खुपसला आणि ते त्यांच्यापुढे धरलं.

"पाहा जी, जागी हाये काय."

नाकेदारांनी ते कानाला लावलं.